परसात प्लॅस्टिक पेरणाऱ्या शेजाऱ्यांस

रा. रा. टर्फमालक,
मु. शनिवार पेठ, आमच्या मागच्या भिंतीपलीकडे, यांस
कृ. सा. न. वि. वि.

आपल्या परसात अवतरलेल्या क्रीडासंकुलाबद्दल प्रथम हार्दिक अभिनंदन. ओंकारेश्वराकडे जाणाऱ्या आपल्या बोळात समोरून रिक्षा आली तर दोघांपैकी एकाला मागे सरावं लागतं. तिथून आपण खडी, क्रशसँड, सिमेंट आणि हिरव्या गालिच्याचे अगडबंब गुंडाळे आत नेलेत. पलीकडचा शनिवारवाडा 1730 साली सुरू होऊन 1732 साली वास्तुशांतीला तयार होता. आपलं कोर्ट मात्र उद्घाटन होऊनही तयार व्हायचंच आहे. कोपऱ्यातली टेप सारखी सुटते आणि फलंदाज धावचीत होण्याऐवजी गालिच्यात पाय अडकून बाद होतो.

खेळाला आमचा विरोध नाही. कसा असेल? खो-खोचे नियम 1914 साली ह्याच पुण्यात बसवले गेले आणि बॅडमिंटनला तर एके काळी इंग्रज लष्करी अधिकारी ‘पूना’च म्हणत. पण बॅडमिंटनचं दुहेरी कोर्ट 44 फूट बाय 20 फूट असतं. आपलं परस विहीर, पडकी न्हाणी आणि औदुंबर धरूनही तेवढं भरत नाही. मग आपण त्याला ‘मल्टिस्पोर्ट’ ठरवलंत. म्हणजे सगळे खेळ थोडेथोडे, पुरता एकही नाही. चेंडू सरळ मारला तर आमची खिडकी, कट लागला तर वरच्या काकूंच्या कुरडया आणि उंच उडाला तर विहीर.

असो. खरं बोलायचं आहे ते गवताबद्दल.

आपण फावड्याने खरवडून काढलंत ते ‘रान’ नव्हतं, ती हरळी होती. गणपतीला वाहतो ती दूर्वा हीच. क्रिकेटची मैदानं, गोल्फ कोर्स, अमेरिकेतली फुटबॉलची मैदानं ह्यांच्यावर हिच्याच निवडक जाती लोक पैसे मोजून लावतात, कापतात, त्यांना खत घालतात आणि माळी ठेवतात. तुडवली तरी पेरापेरातून पुन्हा फुटते, हा तिचा गुण. शेतकरी त्याच गुणापायी तिला शिव्या घालतो आणि मैदानवाले त्याच गुणापायी तिची आर्जवं करतात. 12 जुलै 1961 ला पानशेत धरण फुटून पेठेत पाणी शिरलं, वाडे बसले. पण ह्या परसातली हरळी चिखलातून पुन्हा वर आली, असं आमच्या घरातली मोठी माणसं सांगत. पानशेतला जे जमलं नाही, ते आपल्या ठेकेदाराने दोन मजुरांत केलं. खेळायला खरं मैदान फुकट उगवलेलं होतं, ते उपटून आपण त्याची प्लॅस्टिकची नक्कल चौरस फुटाच्या भावाने विकत घेतलीत. ह्या व्यवहारबुद्धीला काय म्हणावं, हे ठरवायला पेठेत एकमत होईना, म्हणून हे पत्र.

ह्या गालिच्याचं घराणं आपल्याला ठाऊक नसेल. 1965 साली ह्यूस्टनला ॲस्ट्रोडोम हे छप्पर असलेलं स्टेडियम उघडलं. छतातून येणाऱ्या उजेडाने खेळाडूंचे डोळे दिपू लागले, उंच झेल दिसेनात. म्हणून छत रंगवलं. ऊन अडलं, गवत मेलं. मग 1966 साली नायलॉनचं अंथरलं. त्यांची अडचण समजते. डोक्यावर छप्पर होतं. आपल्या परसावर उघडं आभाळ आहे. आणखी दहा वर्षांनी, माँट्रियलला ऑलिंपिकमधली हॉकी पहिल्यांदा कृत्रिम मैदानावर झाली आणि आदल्याच वर्षी विश्वचषक जिंकलेला आपला संघ सातवा आला. तेव्हा ह्या गालिच्याने भारतीयांना आडवं पाडण्याची ही पहिली वेळ नव्हे.

आता आपल्या बागकामाविषयी. जिवंत गवत पानांतून पाणी सोडून स्वतःला गार ठेवतं. पॉलिथिलीनला ही विद्या येत नाही. भर उन्हात त्याचा पृष्ठभाग साठ अंशांच्याही पुढे जातो. म्हणून एप्रिलच्या दुपारी आपण बनियनवर उभे राहून पाइपने प्लॅस्टिकला पाणी घालता. हरळीला आपण कधी तांब्याभर घातल्याचं आम्हाला आठवत नाही. शिवाय खाली काँक्रीट असल्यामुळे ते पाणी मुरत नाही, उताराने आमच्या मोरीशी येतं. आल्या पाण्याला नाही म्हणू नये, पण सोबत काळे दाणेही येतात. पात्यांत भरलेला हा माल म्हणजे जुन्या टायरांचा चुरा. पहिल्या वळवाला तो आमच्या दारात, दारातून गटारात आणि गटारातून मुठेत. असा सुटा दाणा 2031 पासून विकू द्यायचा नाही, असं युरोपीय संघाने 2023 सालीच ठरवलंय. तिकडे नको झालेला माल पुढे कुठे स्वस्तात खपेल, ह्याचा अंदाज आपल्या ठेकेदाराला असेलच. आठ-दहा वर्षांनी गालिचा झिजला की तो कुठे टाकणार, हेही त्याला विचारून ठेवावं. उत्तर ‘फुरसुंगी’ असेल, तर तिथल्या लोकांनी पुण्याचा पुष्कळ कचरा सोसलाय, एवढं सांगावं.

रात्रीच्या सामन्यांबद्दल फार लिहीत नाही. निवासी भागात रात्री दहानंतर 45 डेसिबलची मर्यादा आहे. आपल्या चिरंजीवांचं ‘हाउज दॅट’ त्यात बसत नाही.

मात्र परवा आपण औदुंबराकडे बघत ‘पानं फार पडतात हो टर्फवर’ म्हणालात, ते ऐकलं. 1975 च्या वृक्ष कायद्यानुसार तो तोडायला महापालिकेची परवानगी लागते, झाडावर नोटीस लागते आणि हरकती मागवतात. माझी हरकत लिहून तयार आहे, फक्त तारीख घालायची राहिली आहे.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपला,
भिंतीअलीकडचा

ता. क. : आपण उपटून बाहेर टाकलेल्या हरळीतली थोडी आम्ही कुंडीत लावली होती, ती आता कुंडी सोडून जिन्यापर्यंत आली आहे. चतुर्थीला आपल्याकडे दूर्वा लागतील. एकवीसच्या जुड्या बांधून मिळतील. भाव मंडईचाच, सुटे पैसे आणावेत.