भिंतीपलीकडचा कॅप्टन

धुळ्याहून, देवपुरातून बहिणीचा फोन आला. “अवं, तुन्हा शेजारना पोऱ्या कॅप्टन व्हयना म्हने! पगार कितला शे?”

आता आली का पंचाईत! आमची अन् वहिनींची भिंत कमरेएवढी. त्यांच्याकडे मिरची कुटली की शिंका मला येतात. अन् पोऱ्या कॅप्टन झाल्याचं मला धुळ्याहून कळावं? झाडांना पाणी घालायच्या निमित्ताने संध्याकाळी गाठलंच वहिनींना.

“झाला ना,” वहिनी कढीपत्ता तोडत म्हणाल्या, “पण पगार नाही.”

“म्हणजे ट्रेनिंगवर आहे का?”

“नाही हो काकू. विमान कॉम्प्युटरमधलं. कंपनीपण कॉम्प्युटरमधलीच. बाकी सगळं खरं.”

“बाकी राहिलं काय मग?”

तर बाकी बरंच राहिलेलं निघालं. हिला म्हणतात व्हर्च्युअल एअरलाइन. ठिकठिकाणची हौशी मंडळी इंटरनेटवर एकत्र येऊन विमान कंपनी चालवतात. तिकीट नाही, प्रवासी नाहीत, पगार तर नाहीच. पण वेळापत्रक आहे, हुद्दे आहेत, अन् शिस्त अशी की आमच्या यांच्या ऑफिसात कधी पाहिली नाही. नवा भरती झाला की कॅडेट. हातात लहानसं विमान. उड्डाण संपलं की अहवाल जातो, अन् तो पोऱ्याने मनाने लिहायचा नसतो. एक प्रोग्राम सगळं टिपत बसलेला असतो: इंधन किती जाळलं, दहा हजार फुटांच्या खाली वेग 250 नॉटच्या वर गेला का, चाकं टेकली तेव्हा विमान मिनिटाला किती फुटांनी खाली येत होतं. दीडशेच्या आसपास आलं की पोरं ‘बटर’ म्हणून नाचतात. सहाशेच्या वर गेलं की धाडकन आपटलं म्हणायचं अन् गुण कापायचे.

“तास भरले की बढती,” वहिनी म्हणाल्या. “कॅडेटचा फर्स्ट ऑफिसर, मग कॅप्टन.”

“वशिला?”

“कोणाचा लावता? तिथे कोणी कोणाचं तोंडसुद्धा पाहिलेलं नाही.”

मला हे फार आवडलं, खोटं कशाला बोलू. आमच्या यांचं प्रमोशन साहेबाच्या मुलीच्या लग्नात आहेर कमी पडला म्हणून अडलं, असं आमच्या घरात आजही मानतात.

तेवढ्यात कॅप्टनसाहेब स्वतः बाहेर आले. बनियन, हाफ पँट, डोळे तांबारलेले. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. मी म्हटलं, “काय रे, नुसते तास भरले की झालं?” तर गडी भिंतीवर चढून बसला अन् सुरूच झाला. नुसत्या तासांवर भागत नाही म्हणे. मोठ्या विमानाचं वेगळं रेटिंग लागतं. खऱ्या पायलटांनाही तसंच असतं. लहान एटीआर विमान चालवणारा उद्या उठून एअरबसमध्ये बसू शकत नाही, त्याला त्या जातीच्या विमानाचं शिक्षण घेऊन परीक्षा द्यावी लागते. मात्र ए-320 चं एकदा झालं की तिची भावंडं 319 अन् 321 त्यातच येतात. याच्या कंपनीत आधी प्रश्नपत्रिका, मग परीक्षेचं उड्डाण. जमीन सुटते न सुटते तोच परीक्षक एक इंजिन बंद पाडायला लावतो.

“अन् रात्री दोन वाजता इंग्रजीत कोणाशी बोलतो, तेही सांग काकूंना,” वहिनी म्हणाल्या. “सासूबाई म्हणतात, पोराला बाहेरचं लागलं. लिंबू उतरवून झालं.”

तो कंट्रोलरशी बोलत असतो. व्हॅटसिम नावाचं एक जाळं आहे, 2001 पासूनचं. तिथे पोरं विमानं उडवतात, अन् दुसरी तितकीच हौशी माणसं कंट्रोलर होऊन त्यांना उतरायची परवानगी देतात. तीही फुकट! मुंबईहून लंडनला खऱ्या विमानाला नऊ-दहा तास लागतात तर यालाही तेवढेच. विमान ऑटोपायलटवर सोडून हा खिचडी खायला येतो, अन् एक कान खोलीकडे.

“एकदा लंडन अर्ध्या तासावर आलं,” वहिनी हसायला लागल्या, “अन् लाइट गेली.”

एप्रिलचा महिना, जळगावचं ऊन, लाइट जाणारच. इन्व्हर्टरवर पंखा अन् दिवे, कॉम्प्युटर नाही. विमान गेलं, अहवाल गेला, तासही गेले. पोऱ्या दोन दिवस जेवला नाही नीट. दुसऱ्या महिन्यात वडिलांनी मुकाट्याने यूपीएस आणून दिला. हे वडील जळगावच्या बाजारात वांगी घेताना पाच रुपयांसाठी अर्धा तास घासाघीस करतात, हे लक्षात घ्या.

पण खरी गंमत पुढेच. मी विचारलं, “आपल्या जळगावला उतरतोस का रे?” तर तोंड पडलं बिचाऱ्याचं. म्हणाला, “आधी उतरायचो.”

आपल्या विमानतळाचं उद्घाटन 2012 मध्ये, आपल्या प्रतिभाताई राष्ट्रपती असताना झालं. मग डिसेंबर 2017 मध्ये सरकारच्या उडान योजनेतलं पहिलं विमान मुंबईहून आलं, अठरा-एकोणीस माणसांचं. गावाने कौतुक केलं, अन् ते बंद पडलं. 2019 मध्ये दुसऱ्या कंपनीचं एटीआर आलं, पुढे ती कंपनीच थांबली. 2024 मध्ये पुन्हा एटीआर सुरू झालं. म्हणजे मधल्या काळात खऱ्या विमानापेक्षा या पोऱ्याचं विमानच जास्त नेमाने येत होतं! फर्स्ट ऑफिसर असताना तो एटीआर घेऊन दर रविवारी मुंबई-जळगाव करायचा. मग एअरबसचं रेटिंग मिळालं. आपली धावपट्टी सुमारे 1,700 मीटर. एटीआरला ती भरपूर होते. पण भरलेली एअरबस, त्यात पंचेचाळीस डिग्रीचं ऊन. तापलेली हवा विरळ होते, पंखांना आधार कमी मिळतो, उडायला धावपट्टी जास्त लागते. कंपनीच्या एअरबसच्या वेळापत्रकात जळगाव नाहीच.

बढती मिळाली अन् गाव सुटलं! वहिनींचे थोरले दीर इंजिनीअर होऊन पुण्याला गेले ते दिवाळीलाच दिसतात. कॉम्प्युटरमध्येही तेच?

“मग धुळ्याला जा ना,” मी म्हटलं, “खरं उडवायला.” मी काही अगदीच अडाणी नाही. धुळ्याजवळ गोंदूरच्या धावपट्टीवर बॉम्बे फ्लाइंग क्लब शिकवतो. तोच क्लब, 1928 चा, जिथे जेआरडी टाटा विमान शिकले अन् 1929 मध्ये देशातला पहिला परवाना घेऊन बसले. शिरपूरलाही विमान शिकवतात. एकट्या धुळे जिल्ह्यात विमान शिकायच्या दोन जागा, अन् आपली पोरं रात्रभर खोलीत बसून लंडनला जातात.

वहिनी एकदम गप्प झाल्या. मग म्हणाल्या, “चोपड्याचं आठवतं ना?”

आठवतं की. जुलै 2021, सातपुड्याच्या पायथ्याशी वर्डीकडे शिकाऊ विमान कोसळलं. शिकवणारे जागीच गेले, शिकणारी मुलगी जखमी झाली. रस्ता नव्हता. पाड्यावरच्या एका आदिवासी बाईने लुगडं सोडून दिलं, त्याची झोळी करून त्या पोरीला खाली आणलं. पोऱ्याच्या खेळात अपघात झाला तर गुण जातात, बटण दाबलं की विमान पुन्हा उभं.

शिवाय पैसा. धंद्याच्या परवान्याला 200 तासांचं उड्डाण लागतं, खर्च पन्नास लाखांच्या घरात, एअरबसच्या रेटिंगचे आणखी वेगळे. घरच्या कॉम्प्युटरवरचा एकही तास त्यात धरत नाहीत. वहिनींच्या केळीच्या दोन एकरांत हे बसतं का, तुम्हीच सांगा. तरी माझं मत विचाराल तर पोऱ्या वाया गेलेला नाही. हवामानाचा अहवाल वाचतो, इंग्रजीत न अडखळता बोलतो, चुकलं तर तीच परीक्षा पुन्हा देतो. पारावर बसून तंबाखू मळणाऱ्यांपेक्षा शंभर पटीने बरा.

धुळ्याला मी फोन करून सांगितलं, पगार शून्य. तिकडून जरा वेळ आवाजच आला नाही. मग कळलं, पत्रिका तयारच ठेवली होती.

तुमच्याही घरात असा कॅप्टन असेल अन् त्याला खरोखरच उडायचं असेल, तर महागडी जॉयस्टिक घेऊन देण्याआधी दोन गोष्टी बघा. बारावीला फिजिक्स अन् गणित आहे का, अन् डीजीसीएच्या, म्हणजे सरकारी विमान खात्याच्या, मान्य डॉक्टरकडे क्लास टू मेडिकल निघतं का. क्लास वन त्याच्या पुढचं. डोळ्यांत किंवा कानांत काही निघालं तर ते कर्ज काढायच्या आधीच कळलेलं बरं.