पॅकेजला छप्पर नसतं

चाकणच्या कारखान्यात क्वालिटीला असलेल्या पोराला मुंबईहून ऑफर आली की पहिला फोन गावाला जातो, दुसरा सासुरवाडीला आणि तिसरा त्या मित्राला, ज्याची ऑफर नुकतीच हुकलेली असते. घोडबंदर रोडवरच्या एका अनोळखी गृहस्थाला मात्र कुणीच फोन करत नाही. खरं तर पहिले पेढे त्याच्याकडे जायला हवेत, कारण पगारवाढ त्याला लागलेली असते. आपला पोरगा ती दर महिन्याच्या पाच तारखेच्या आत त्याला पोहोचवणार, एवढंच.

हिशेब मांडू. आकडे समजा म्हणून धरलेले आहेत. तुमचे घालून बघा, उत्तर फार हलणार नाही. इथे सीटीसी ७ लाख, तिथे १० लाख. कटून हातात इथे ५० हजार, तिथे ७० हजार. बाकीचे कुठे गेले, हे विचारू नका. सीटीसीमध्ये कंपनीच्या वाट्याचा पीएफ असतो, ग्रॅच्युइटी असते, विम्याचा हप्ता असतो आणि 'व्हेरिएबल' नावाची एक रक्कम असते, जी कागदावर नियमित येते. तर हातात २० हजार जास्त. मोशीत वन बीएचकेचं भाडं १३ हजार, घोडबंदरला २८ हजार. वीसातले पंधरा उंबऱ्यातच संपले. उरले पाच. चाकणला कंपनीची बस दारातून नेते आणि दारात सोडते. तिथे रिक्षा, मग लोकल, मग पुन्हा रिक्षा. चाकणला कॅन्टीनचं कूपन नावापुरतं, तिथे दुपारची थाळी खिशातून. पाच हजार पंधरवड्यात उडतात आणि उरलेला पंधरवडा बायकोसमोर काढायचा असतो.

बायकोवरून आठवलं. वहिनी चिखलीतल्या शाळेत शिकवतात, महिन्याला १८ हजार घरात येतात. ऑफर लेटरला रकाने पुष्कळ असतात. जॉइनिंग बोनस, नोटीस पिरियड, गोपनीयतेची शपथ. वहिनींच्या १८ हजारांना मात्र त्यात कुठेच जागा नसते. बदली नवऱ्याची आणि राजीनामा बायकोचा, हा आपल्याकडचा जुना करार. तो युनियनशिवाय होतो आणि त्यावर बायकोची सही लागत नाही. तिथे गेल्यावर त्यांना नवी शाळा मिळेल की नाही, यावर एचआर मॅडम इतकंच म्हणतात, "मुंबईत काय, संधीच संधी!"

आणखी एक रक्कम कुणीच धरत नाही. मोशी-चिखलीतल्या अर्ध्या संसारांची ज्वारी, डाळ, शेंगदाणे गावाहून येतात. शनिवारी रात्री निघायचं, रविवारी परत यायचं, गाडीच्या डिकीत पोतं. ठाण्याला ते पोतं आणता येत नाही असं नाही, पण टोल, पार्किंग आणि लिफ्टच्या वॉचमनची परवानगी धरली तर ज्वारी बासमतीच्या भावाने पडते.

एवढं सगळं समजावल्यावर पोरगा म्हणतो, "पण काका, ग्रोथ आहे ना!"

ग्रोथचंच बघू. कारखान्यांनाही ऑफर येतात, आणि त्या बाबतीत ते आपल्यापेक्षा फार शहाणे असतात. बजाजची स्कूटर आकुर्डीत तयार व्हायची. २००७ मध्ये कंपनीने तिथलं उत्पादन थांबवलं. गाड्या मग चाकणला, वाळूजला आणि करसवलती देणाऱ्या उत्तराखंडात पंतनगरला होऊ लागल्या. मर्सिडीज आधी पिंपरीत टेल्कोच्या आवारात जुळवली जायची. २००९ मध्ये ती स्वतःच्या जागेत, चाकणला गेली. त्याच वर्षी फोक्सवॅगनचा कारखानाही तिथेच उभा राहिला. जागा किती मिळते, केवढ्याला मिळते, पाणी-वीज काय भावाने, कर किती माफ, हे बघून कंपनी हलते. कुठल्याही संचालक मंडळाला भागधारकाने विचारलेलं नाही की, प्लांट बांद्र्याला का घातला नाही, तेवढंच नाव झालं असतं. कंपनी महागाकडून स्वस्ताकडे गेली की तिला व्यवहारचातुर्य म्हणतात. कामगार स्वस्ताकडून महागाकडे गेला की त्याला प्रगती म्हणतात. आणि तो जागचा हलला नाही की एचआर त्याच्या नावापुढे लिहितो, 'महत्त्वाकांक्षेचा अभाव'.

तुम्ही म्हणाल, म्हणजे कुणी कुठे जायचंच नाही? तसं असतं तर पिंपरी-चिंचवड वसलंच नसतं. हे शहर म्हणजे सबंध बाहेरून आलेल्या ऑफरींचं बनलेलं. पण तेव्हाची ऑफर कशी होती, ते बघा. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स सुरू झाली. सरकारी कंपनी, पेनिसिलिनचा कारखाना, आणि कारखान्याला लागून कामगारांची कॉलनी. पगार किती यापेक्षा 'क्वार्टर मिळालं का' हा प्रश्न पाहुणे आधी विचारायचे. पुढे कंपनी थकली, महिनोन्‌महिने पगार रखडले, आणि २०१६ मध्ये केंद्राने ठरवलं की देणी फेडायला कंपनीची जादा जमीन विकावी. प्रतिजैविकाने कामगाराला जगवलं नाही, जमिनीने जगवावं अशी पाळी आली. शहराचं अर्थशास्त्र याहून थोडक्यात सांगता येत नाही.

मग १९७२ मध्ये पिंपरी-चिंचवड नवनगर विकास प्राधिकरण आलं. हेतू अगदी स्वच्छ होता: कारखान्यांत राबणाऱ्यांना परवडणारं घर, परवडणारा प्लॉट. जमिनी घेतल्या आकुर्डी, निगडी, चिखली, भोसरी, वाकड, थेरगावच्या शेतकऱ्यांकडून. त्यांना साडेबारा टक्के परतावा द्यायचा, या गोष्टीवर पुढे इतकी आंदोलनं झाली की 'साडेबारा टक्के' हे इथे आडनावासारखं झालं. २०२१ मध्ये प्राधिकरण विसर्जित झालं, पीएमआरडीए आणि महापालिका यांच्यात वाटलं गेलं. आज निगडी प्राधिकरणात रो-हाउस असणारा माणूस 'मी प्राधिकरणात राहतो' हे ज्या आवाजात सांगतो, तो आवाज ऐकून हे कामगारांसाठी काढलं होतं यावर कुणाचा विश्वास बसायचा नाही.

ज्यांना प्लॉट मिळाला नाही त्या कामगारांनी काय केलं? अर्धा गुंठा, एक गुंठा घेतला आणि बांधलं. थेरगाव, काळेवाडी, रहाटणी अशा हजारो घरांनी भरली. सरकारने घर दिलं नाही म्हणून स्वतः बांधलं, तर ते अनधिकृत ठरलं आणि त्यावर शास्ती कर बसला. मूळ कराच्या वर दंड. वर्षानुवर्षं प्रत्येक निवडणुकीत तो माफ होत राहिला आणि शेवटी २०२३ मध्ये खरोखर माफ झाला. तरी स्वस्त गुंठ्याचा मोह जात नाही. चिखलीत इंद्रायणीकाठी निळ्या पूररेषेच्या आत लोकांनी बंगले बांधले होते. २०२५ च्या मे महिन्यात महापालिकेने ३६ बंगले पाडले. विकणारे केव्हाच पैसे मोजून घरी गेले होते. नदीची रेषा दाखवायचं काम दलालाच्या कमिशनमध्ये बसत नाही.

आता उलट बाजूने बघू, कारण चाकण हे कुणाचं तरी मुंबई आहेच. परभणीच्या, लातूरच्या आयटीआय झालेल्या पोराला चाकणहून बोलावणं येतं. गावात पेढे वाटले जातात. बायोडेटावर लिहिलं जातं: 'पुणे येथे नामांकित कंपनीत'. कंपनी नामांकित असते. पोरगा ठेकेदाराच्या रोलवर असतो. तो महाळुंगेला, खराबवाडीला किंवा नाणेकरवाडीला उतरतो, तेव्हा त्याला पत्र्याची खोली मिळते. एका रांगेत दहा-बारा खोल्या, टोकाला बाथरूम, लाइटबिल मालकाच्या सबमीटरने आणि मालकाच्याच भावाने. खोलीत चौघं. फर्स्ट शिफ्टवाला उठतो त्याच गादीवर थर्ड शिफ्टवाला टेकतो, गादी कधी गार होत नाही. डबा मेसचा. महिनाअखेरीला गावाकडे पाठवायचे पैसे ओव्हरटाइम लागला तर जातात. ब्रेक मिळाला, म्हणजे ठरावीक महिन्यांनी घरी बसवलं, की खोलीचं भाडं मात्र ब्रेक घेत नाही.

खोलीवाल्या दादांना शिव्या घालायचा मोह होतो. मी घालणार नाही. त्यांच्या वडिलांची जमीन एमआयडीसीत गेली. जे रान राहिलं त्यात ते कांदा करायचे. चाकणचा कांदाबाजार साऱ्या मुलखाला ठाऊक. पण कांद्याला भाव मिळेल की तो रस्त्यावर ओतावा लागेल, हे काढणीच्या दिवशीही सांगता येत नाही. खोलीचं तसं नाही. खोलीला पाऊस लागत नाही, फवारणी लागत नाही, निर्यातबंदी होत नाही. या सबंध पट्ट्यात ज्याने आयुष्यात एकही ऑफर लेटर वाचलं नाही असा तो एकमेव माणूस, आणि प्रत्येकाच्या पगारवाढीत त्याचा हिस्सा ठरलेला. अभ्यास करायचा तर एमबीएच्या पोरांनी त्याचा करावा.

सरकारला कामगाराच्या भाड्याची काळजी नाही, असं मात्र म्हणू नका. आपल्याकडे महाराष्ट्र कामगार किमान घरभाडे भत्ता अधिनियम, १९८३ आहे. त्यात किमान भत्ता किती, तर वेतनाच्या ५ टक्के किंवा महिन्याला २० रुपये, यात जे जास्त असेल ते. वीस रुपये. चाकणला वीस रुपयांत एक वडापाव येतो, चटणी फुकट. पाच टक्क्यांचं म्हणाल, तर वीस हजार वेतनावर एक हजार होतात. एक हजारात खोलीचं दार मिळेल, बिजागऱ्या आपल्या.

आता परदेशाची ओढ. २०२४ मध्ये महाराष्ट्राने जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवायचा करार केला. राजधानी स्टुटगार्ट, मर्सिडीजचं गाव. चाकणच्या पोराला ते जवळपास माहेरच वाटावं. तिथला पगार युरोत ऐकला की इथे वेल्डिंगची ठिणगीसुद्धा थबकते. पण जर्मनीत भाडं दोन प्रकारचं असतं: थंड आणि गरम. थंड म्हणजे नुसत्या भिंतींचं. गरम म्हणजे त्यात हीटिंग, पाणी, कचरा, जिन्याची झाडलोट. पोरं ऑफर वाचताना थंड भाडं बघतात आणि पगारातून गरम जातं. अनामत म्हणून तीन महिन्यांपर्यंतचं थंड भाडं मागायची मुभा तिथल्या कायद्याने मालकाला आहे. एक गोष्ट मात्र कबूल: तिथे ही मर्यादा कायद्यात लिहिलेली आहे. बंगळूरला दहा-दहा महिन्यांचं भाडं अनामत म्हणून मागत आणि त्याला प्रथा म्हणत.

मग जायचं केव्हा? माझं मत विचाराल तर, ठेकेदाराच्या रोलवर असाल आणि समोरची कंपनी स्वतःच्या रोलवर घेत असेल, तर भाड्याचा हिशेब फाडून टाका आणि निघा. पीएफ, विमा, करारातली वाढ आणि 'उद्यापासून येऊ नकोस' हे ऐकावं न लागणं, याची किंमत वन बीएचकेच्या फरकापेक्षा मोठी आहे. नवं काम शिकायला मिळत असेल, असं काम की जे इथल्या कुठल्याच प्लांटमध्ये नाही, तरीही निघा. दोन वर्षं पत्र्याखाली काढलेली माणसं या शहरात ढिगाने आहेत. पण नुसताच हुद्दा लांब होत असेल, सिनिअरच्या पुढे डेप्युटी आणि डेप्युटीच्या पुढे लीड लागत असेल, आणि राहायची जागा तेवढीच आखूड होत असेल, तर निदान एचआरला एवढं तरी विचारा: या पगारात तुमच्या ऑफिसपासून अर्ध्या तासावर तुम्ही स्वतः राहता का? उत्तर यायला वेळ लागतो. मॅडमही बदलापूरहून येतात.

चाकणपुरतं बोलायचं तर काळजीचं कारण उरलेलं नाही. २०२५ मध्ये राज्याने नवं गृहनिर्माण धोरण मंजूर केलं, त्यात 'वॉक टू वर्क'ची कल्पना आहे: कामाच्या ठिकाणाजवळ घर, कामगाराने पायी जावं, पायी यावं. सेकंड शिफ्ट सुटायच्या नाहीतर फर्स्ट भरायच्या वेळेला तळेगाव चौकात उभे राहा. कंटेनर, ट्रेलर, कंपनीच्या बसा, सगळं एकमेकांच्या नाकाला नाक लावून उभं असतं. बसमधली शहाणी माणसं आंबेठाण चौकाच्या अलीकडेच उतरतात, डबा काखेत मारतात आणि चालू लागतात. बसच्या आधी पोहोचतातही. धोरणाची अंमलबजावणी चाकणने केव्हाच करून टाकली आहे. राहिलंय ते फक्त घर.