मूड : आशादायक, पण फार नाही

‘आशादायक, पण फार नाही. आधुनिक, पण आजीलाही चालेल असं. सुरुवात लगेच पकड घेणारी हवी, मात्र निवेदकाच्या आड येता कामा नये. चाल असली तरी हरकत नाही, लक्षात राहिली नाही म्हणजे झालं.’ म्युझिक लायब्ररीकडून येणारी मागणी साधारण या थाटाची असते. बँक, विमा कंपनी, हृदयरोगाचं इस्पितळ आणि पाणीपुरवठा योजनेचं उद्घाटन, या सगळ्यांना एकच तुकडा पुरावा अशी अपेक्षा असते. गंमत म्हणजे तो पुरतोही.

ज्यांना हा धंदा ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगायचं तर जाहिरात, माहितीपट किंवा यूट्यूबचा व्हिडिओ करणाऱ्याला दर वेळी संगीतकार गाठून नवं संगीत करून घेणं परवडत नाही. तो लायब्ररीच्या साइटवर जातो, ‘आनंद’, ‘ताण’, ‘स्वयंपाक’ असले शब्द टाकतो, तयार तुकडा उचलतो आणि परवान्याचे पैसे भरतो. त्या कपाटात आपलाही तुकडा लागावा म्हणून संगीतकार जो अर्ज करतो, तो म्हणजे डेमो. कोथरूडपासून डोंबिवलीपर्यंत जिथे जिथे मुलाच्या खोलीला घरचे ‘स्टुडिओ’ म्हणतात आणि भिंतीवर काळा फोम चिकटवलेला असतो, तिथे सध्या हे अर्ज भरणं जोरात चालू आहे.

अर्जदाराची पंचाईत अशी, की उभं आयुष्य ‘जरा ऐका तरी’ म्हणत फिरल्यावर इथे त्याला सिद्ध करायचं असतं, की माझ्या संगीताकडे कुणाचंही लक्ष जाणार नाही.

ही मागणी काही आजची नाही. मूकपटांच्या काळी पडद्यापुढे बसलेल्या पियानोवाल्याला प्रसंग बदलला की क्षणात संगीत बदलावं लागे. त्याच्या सोयीसाठी 1924 साली न्यूयॉर्कमध्ये एर्नो रापे या वाद्यवृंद संचालकाने 52 मनोवस्था आणि प्रसंगांसाठीच्या रचनांचा जाडजूड ग्रंथ काढला. पानापानाच्या समासात सूची छापलेली. वाजवता वाजवता नजर टाकायची आणि पान उलटायचं. विमान, रेल्वे, समुद्रातलं वादळ, अंत्ययात्रा, आग विझवणं, असे कप्पे होते. ‘एकसुरीपणा’ हाही एक कप्पा होता. आजच्या लायब्ररीने तेवढा मात्र काढून टाकलेला दिसतो. बहुधा सगळाच माल त्यात बसेल म्हणून असेल.

लंडनच्या डी वुल्फ कंपनीने तर 1909 सालीच चित्रपटगृहांतल्या वादकांना छापील संगीत पुरवायला सुरुवात केली होती, आणि ती आजही याच धंद्यात आहे. पुढे साठच्या दशकात केपीएम या दुसऱ्या लंडनी कंपनीने साध्या हिरव्या वेष्टणातल्या तबकड्यांची मालिका काढली. कव्हरवर ना गायिकेचा फोटो, ना संगीतकाराचा. दुकानात त्या मिळायच्याच नाहीत, थेट स्टुडिओंना जायच्या. लायब्ररीच्या रेकॉर्डिंगला ब्रिटनमधल्या वादकांच्या संघटनेचा विरोध होता, म्हणून ही इंग्रज मंडळी कोलोन आणि ब्रुसेल्सला जाऊन रेकॉर्डिंग उरकत. कुणाच्या लक्षात येऊ नये असं संगीत करायलाही माणसं परदेशी जात होती.

आता डेमोकडे वळू. तीन ते पाच तुकडे पाठवायचे, सगळ्यांत चांगला पहिला. तुकडा साधारण दोन-अडीच मिनिटांचा. इथे आपल्याकडच्या शास्त्रीय बैठकीत वाढलेल्या संगीतकाराला पहिला धक्का बसतो. अतिविलंबित एकतालाचं एक आवर्तन मिनिटभर चालू शकतं. लायब्ररीला 30 सेकंदांची आवृत्ती हवी असते. म्हणजे बुवांनी समेकडे नुसतं पाहिलंय, तोवर तिकडे साबण विकून झालेला असतो.

शेवटाबद्दलही नियम कडक आहे. आवाज हळूहळू विरत गेलेला चालत नाही. लग्नाच्या मांडवातून न जेवता, न सांगता सटकणाऱ्या पाहुण्यासारखा तो शेवट व्हिडिओच्या संकलकाला खपत नाही. त्याला ठोस, खटकन बंद होणारा शेवट हवा, म्हणजे त्या ठोक्यावर कंपनीचा लोगो आणता येतो. शिवाय दर आठ-सोळा मात्रांनी कात्री लावायची सोय हवी. मींड मधोमध कापली गेली तर ती मींडेची चूक, कात्रीची नव्हे.

एवढं झालं, की खरी मेहनत सुरू होते. एका तुकड्याच्या फोल्डरमध्ये मूळ रचना, चाल काढून टाकलेली रचना, तालवाद्यं काढून टाकलेली रचना, मग 60, 30 आणि 15 सेकंदांचे तुकडे, शेवटचा नुसता ठोका, आणि शिवाय प्रत्येक वाद्यसमूहाची वेगळी फाइल, ज्याला धंद्यात स्टेम म्हणतात. सगळं 48 किलोहर्ट्झ, 24 बिट, वेव्ह फाइलमध्ये. यातली सगळ्यांत जास्त खपणारी आवृत्ती अनेकदा चाल काढलेलीच असते. आठवडाभर डोकं खाजवून जी चाल सुचली, ती पहिल्यांदा म्यूट करायची.

अशाच एका म्यूट केलेल्या दुपारी घरी आत्या आलेली असते. ती दाराशी उभी राहून भक्तिभावाने पाच मिनिटं ऐकते.

“अरे, शब्द कधी येणार?”

“शब्द नाहीत, आत्या.”

“बरं, मग चाल तरी?”

“ती आत्ताच काढून टाकली.”

आत्या काही बोलत नाही. स्वयंपाकघरात जाऊन ती वहिनीला हळूच विचारते, की हा परत बँकेच्या परीक्षांना बसणार होता त्याचं काय झालं.

त्यानंतर येतो तक्ता. रचनेचं नाव, वेग, स्वर, मूड, वाद्यं, वापर कुठे होईल याचे शब्द, कोणाच्या संगीतासारखी वाटते, आणि रचनेत कुणाचा किती टक्के वाटा. बेरीज बरोबर शंभर भरली पाहिजे, नाहीतर अर्ज पुढे सरकत नाही. इथे मैत्रीची कसोटी लागते. बासरी वाजवणाऱ्याचा वाटा ठरतो, तबल्याचाही ठरतो, आणि मग टाळ्या वाजवायला बोलावलेला मित्र चहा संपवून म्हणतो, ‘दोन टक्के तरी धर.’ शिवाय संगीतकाराकडे रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेचा सभासद क्रमांक लागतो. आपल्याकडे हे काम 1969 साली स्थापन झालेली आयपीआरएस करते. तो क्रमांक नसेल तर परदेशातल्या एखाद्या वाहिनीवर तुकडा वाजून पैसे निघाले, तरी ते कुणाचे हे ठरत नाही. जो संगीतकार गॅसची सबसिडी आली का हे कधी पाहत नाही, त्याला हा क्रमांक पाठ होतो.

मूडचे शब्द भरणं ही तर स्वतंत्र कला आहे. ‘उदास’ लिहून भागत नाही. उदास म्हणजे पावसाळी उदास, घटस्फोटाचं उदास, की कर्ज नामंजूर झाल्याचं उदास? करुण रसात पदवी घेतलेला माणूस इथे नापास होतो, आणि पूर्वी लग्नाच्या अल्बमवर मथळे लिहिणारा पहिला येतो.

आपल्याकडच्या अर्जदाराला आणखी एक अडथळा असतो. रापे यांच्या 1924 च्या सूचीत पूर्वेकडच्या सगळ्यांसाठी मिळून एकच कप्पा होता, ‘ओरिएंटल’. शंभर वर्षांत प्रगती होऊन आता ‘वर्ल्ड’ आणि त्याखाली ‘इंडिया’ असे दोन कप्पे झाले आहेत. या कप्प्यात सतार आणि तबला आपोआप बसतात. कोल्हापूरची हलगी, गोंधळ्याचं संबळ, नदीकाठच्या सरावात ध्वनिमुद्रित केलेला ढोल-ताशा पाठवला, की नम्र उत्तर येतं : छान आहे, पण थोडं आणखी भारतीय करता येईल का? मग संगीतकार संगणकातली तयार सतार काढतो, तिचे सूर जर्मनीत नाहीतर अमेरिकेत ध्वनिमुद्रित झालेले असतात, आणि तुकडा पुरेसा भारतीय होतो.

मात्र तयार लूप वापरायचे तर जपून. एकाच पॅकमधला तोच ठेका हजारो जणांनी वापरलेला असतो. मग यूट्यूबची यंत्रणा कधी कधी खुद्द कर्त्यालाच नोटीस पाठवते, की ही रचना दुसऱ्याची दिसते. म्हणून लायब्ररी सही घेते : यातला प्रत्येक आवाज माझा आहे, किंवा त्याचा परवाना माझ्याकडे आहे.

आता इतकं करून कुणाचंच लक्ष गेलं नाही, असं दर वेळी होत नाही, हे या धंद्याचं दुखणं. ॲलन हॉकशॉ या इंग्रज संगीतकाराने लायब्ररीसाठी ‘चिकन मॅन’ नावाचा एक तुकडा केला. बीबीसीने तो 1978 साली ‘ग्रेंज हिल’ या शाळकरी मुलांच्या मालिकेला शीर्षकसंगीत म्हणून लावला. पुढच्याच वर्षी प्रतिस्पर्धी आयटीव्हीने ‘गिव्ह अस अ क्लू’ या खेळाला हाच तुकडा लावला. दोन वाहिन्या, एकच चाल, आणि दोघांचाही परवाना चोख. कपाट सगळ्यांसाठी उघडं असतं त्याचा हा परिणाम. अमेरिकेत लॅरी डेव्हिड यांनी एका बँकेच्या जाहिरातीत एक सूर ऐकला आणि तो डोक्यात ठेवून पुढे 2000 साली सुरू झालेल्या आपल्या विनोदी टीव्ही मालिकेला, ‘कर्ब युअर एन्थुझिअॅझम’ला लावला. तो होता इटालियन संगीतकार लुचानो मिकेलिनी यांचा ‘फ्रॉलिक’, जो मुळात एका इटालियन चित्रपटासाठी केलेला होता. आज लोक त्यावर फजितीचे व्हिडिओ करतात, आणि संगीतकाराचं नाव विचारलं तर लॅरी डेव्हिड म्हणतात. आपल्याकडेही आकाशवाणीची सकाळची धून ज्यांच्या कानात आहे, त्यांतल्या किती जणांना ती वॉल्टर कॉफमन या हिटलरच्या युरोपातून मुंबईत आलेल्या ज्यू संगीतकाराची आहे, हे सांगता येईल?

तुकडा पसंत पडला, की करार येतो. एका प्रकारात तुकडा फक्त त्याच लायब्ररीचा, दुसऱ्या प्रकारात तोच तुकडा दहा ठिकाणी ठेवायची मुभा. मग काही जण एकच रचना वेगवेगळ्या नावांनी लावतात. एका लायब्ररीत ‘नवी पहाट’, दुसरीत ‘यशाकडे’, तिसरीत ‘दंतचिकित्सा 2’. भारतात 2012 च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायदा संगीतकाराच्या बाजूने उभा राहिला. चित्रपटात किंवा ध्वनिमुद्रणात वापरलेल्या रचनेच्या रॉयल्टीतला समान वाटा त्याला सोडून देता येत नाही; वारस आणि कॉपीराइट सोसायटी एवढेच अपवाद. संगीतकार हे कलम छापून भिंतीवर लावतो. करारातल्या शेवटून दुसऱ्या परिच्छेदात मात्र बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं, की वाद झालाच तर तो सातासमुद्रापारच्या कोर्टात चालेल. कलम भिंतीवरच राहतं.

हल्ली करारात एक नवी चौकट आली आहे. सुनो, युडिओसारखी यंत्रं ओळभर सूचनेवरून अख्खं गाणं काढून देतात. बड्या रेकॉर्ड कंपन्यांनी 2024 साली या दोघांवर अमेरिकेत खटले भरले. तेव्हापासून अनेक लायब्ऱ्या लिहून घेतात, की ही रचना माणसाने केली आहे. चौकट बरी आहे, तक्रार तिच्याबद्दल नाही. पण डेमो ऐकून निवड समिती अनेकदा कळवते, की ठोके फार काटेकोर पडतात, थोडं यांत्रिक वाटतं. त्यावर इलाज संगीताच्या सॉफ्टवेअरमध्येच असतो. ‘ह्यूमनाइज’ नावाचं एक बटण आहे. ते दाबलं, की संगणक प्रत्येक ठोका किंचित पुढेमागे सरकवतो, एखादा जरा हलका, एखादा जरा जड करतो. होतकरू संगीतकार ते बटण दाबतो, चहाचा घोट घेऊन एकदा ऐकतो, अजून जरा माणूस हवा असं वाटून टक्केवारी दहाची बारा करतो, आणि मग रचना माणसानेच केल्याच्या चौकटीत टिक करून फाइल पाठवून देतो.