हँडल लावलं की झालं?

१९८१ ते १९८४ या काळात अमेरिकेत ज्यांनी रोजच्या कामासाठी पोर्टेबल कॉम्प्युटर विकत घेतला, त्यांच्या वतीने मला तक्रार नोंदवायची आहे. चाळीस वर्षं उलटली म्हणून ती शिळी झालेली नाही. हिशेब लिहिणारे, बातम्या लिहिणारे, गावोगाव फिरून माल विकणारे असे हे लोक होते. त्यांनी पदरचे पैसे मोजले आणि त्या बदल्यात त्यांना रोज पुरतील एवढ्या बारीकसारीक अडचणी मिळाल्या. त्यातली एकही अडचण इतकी मोठी नव्हती की यंत्र परत करावं. त्यामुळेच त्या कुणी मनावर घेतल्या नाहीत.

सुरुवात ऑस्बोर्न १ पासून करायला हवी, कारण हा बाजार त्यानेच उघडला. एप्रिल १९८१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या वेस्ट कोस्ट कॉम्प्युटर फेअरमध्ये तो लोकांसमोर आला. किंमत १,७९५ डॉलर, आणि त्यातच वर्डस्टार, सुपरकॅल्क आणि बेसिक. हे प्रोग्राम सुटे घेतले असते तर जवळजवळ तेवढेच पैसे आणखी पडले असते. कंपनीचा मालक ॲडम ऑस्बोर्न बँकॉकमध्ये जन्मला, पण त्याचं बालपण तमिळनाडूत तिरुवन्नामलईला गेलं. साध्या गिऱ्हाइकाला परवडेल असं यंत्र द्यायचं, हा त्याचा आग्रह मला मनापासून पटतो. गिऱ्हाइकाच्या खिशाचा त्याने विचार केला. खांद्याचा आणि डोळ्यांचाही करायला हवा होता.

वजन ११ किलो. शिलाई मशीनच्या पेटीसारखा डबा, त्याला हँडल. विमानातल्या सीटखाली मावला पाहिजे, अशी त्याच्या रचनेची अट होती आणि तो मावलाही. पण सीटखाली ठेवलेल्या यंत्रावर काम होत नाही. आत बॅटरी नव्हती; हवी असेल तर ती वेगळी विकत घ्यायची. म्हणजे घरून उचलून न्यायचा, पोचल्यावर टेबल आणि प्लग शोधायचा आणि काम संपलं की पुन्हा ११ किलो उचलायचे.

वजनाचं दुखणं जाता-येता. पडद्याचं मात्र दिवसभर. तो कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत मोजला तर पाच इंच भरायचा आणि एका ओळीत ५२ अक्षरं दाखवायचा. टाइप केलेल्या साध्या पत्राची ओळ साठ-पासष्ट अक्षरांची असते. म्हणजे प्रत्येक ओळीचा शेवटचा एखाद-दुसरा शब्द पडद्याबाहेर. तो पाहायचा तर कंट्रोल आणि बाणाची कळ दाबून पडदा बाजूला सरकवायचा. मग ओळीची सुरुवात दिसेनाशी व्हायची. हिशेबाच्या तक्त्यात हाल आणखी वाढले. डावीकडे ‘दुकानभाडे’ असं लिहिलंय आणि अगदी उजवीकडे त्याची वर्षाची बेरीज आहे. दोन्ही एकदम दिसत नाहीत. बेरीज कशाची, हे डोक्यात धरून उजवीकडे जायचं, आकडा वाचायचा, खात्री करायला परत डावीकडे यायचं. महिनाअखेरीला चाळीस ओळी तपासणाऱ्या माणसाला हे दर ओळीला करावं लागलं. मेमरीत १२८ अक्षरं रुंदीचं पान होतं, पण माणूस मेमरी वाचत नाही, पडदा वाचतो.

सुरुवातीच्या फ्लॉपीवर जेमतेम ९० किलोबाइट मावायचे. थोडं मोठं काम असलं की फ्लॉपी काढा, दुसरी घाला.

१९८२ मध्ये कायप्रो २ आला आणि पडद्याचं दुखणं त्याने खरोखर बरं केलं. नऊ इंची पडदा, ८० अक्षरांची ओळ, किंमत १,७९५ डॉलर. पण धातूची पेटी ऑस्बोर्नपेक्षाही जड, आणि बॅटरी इथेही नाही. त्यात भर फ्लॉपीची. दोन्ही यंत्रांवर सीपी/एम हीच प्रणाली, फ्लॉपीचा आकारही तोच, सव्वापाच इंची. तरी एकाची फ्लॉपी दुसऱ्यात घातली तर, त्यासाठीचा वेगळा प्रोग्राम नसेल, तर वाचली जायची नाही. भागीदारीत धंदा करणाऱ्या दोघांनी दोन वेगळी यंत्रं घेतली असतील, तर एकाच ऑफिसात त्यांचे कागद एकमेकांना परके. १९८३ च्या सप्टेंबरात ऑस्बोर्नच्या कंपनीचं दिवाळं वाजलं, तेव्हा तिच्या फ्लॉप्यांवर वर्षभराचे हिशेब ठेवून बसलेल्या माणसाची स्थिती काय झाली असेल, याचा विचार करावा.

याला उत्तर कॉम्पॅकने दिलं. नोव्हेंबर १९८२ मध्ये जाहीर झालेला आणि पुढच्या वर्षी बाजारात आलेला त्यांचा पोर्टेबल आयबीएम पीसीचे प्रोग्राम चालवायचा. पहिल्याच वर्षी तो ५३ हजारांवर खपला, यात नवल नाही. ऑफिसातल्या यंत्रावरची फाइल घरी उघडते, ही सोय पैसे मोजण्याजोगीच होती. पण किंमत २,९९५ डॉलरपासून पुढे, वजन तेरा किलोच्या घरात आणि प्लगशिवाय तोही बंद. ग्रिड कंपास तेवढा हलका आणि देखणा. त्याची किंमत ८,१५० डॉलर होती आणि बॅटरी त्यातही नव्हती.

रोजच्या कामाचा विचार मला दिसतो तो १९८३ च्या टीआरएस-८० मॉडेल १०० मध्ये. बनवला जपानच्या क्योसेराने, अमेरिकेत विकला रेडिओ शॅकने. वजन दीड किलोच्या आत. चार पेन्सिल सेलवर वीसेक तास चालायचा, आणि ते सेल कोपऱ्यावरच्या दुकानात मिळायचे. बटण दाबलं की लगेच सुरू. बंद केला तरी लिहिलेलं जागच्या जागी. कळा टायपरायटरसारख्या पूर्ण आकाराच्या. आत मोडेम होता, त्यामुळे बातमीदार गावातल्या फोनवरून बातमी थेट कचेरीत पाठवू शकायचे. त्याचीही उणीव सांगतो : पडद्यावर आठच ओळी, प्रत्येकी ४० अक्षरांच्या, आणि सगळ्यात स्वस्त यंत्राची मेमरी ८ किलोबाइट, म्हणजे चारेक पानं. लांबलचक हिशेब त्यावर होणार नव्हता. पण जे काम होणार होतं, ते झाडाखाली बसूनही होत होतं.

अमेरिकेत तेव्हा नोकरीला असलेल्या मराठी माणसाची तक्रार आणखी एक. यापैकी कोणत्याही यंत्रावर देवनागरी उमटत नव्हती. ऑफिसचा अहवाल त्यावर, आईला पत्र मात्र हातानेच.

यंत्र निवडायची रीत यातून स्पष्ट दिसते आणि ती आजही लागू आहे. दुकानात जाताना आपला कालचा कागद बरोबर न्यावा : खरं पत्र, खरा हिशेब. तो तिथेच टाइप करून पाहावा. पूर्ण ओळ दिसते का, बेरजेसमोर तिचं नाव दिसतं का, ऑफिसातल्या यंत्रावर फाइल उघडते का, हे बघावं. मग प्लग काढावा आणि किती वेळ चालतं ते पाहावं. शेवटी उचलून एक जिना चढावा. ही परीक्षा गिऱ्हाइकाने घ्यावी लागते, कारण विकणाऱ्याला तो जिना चढायचा नसतो. आणि बनवणाऱ्यांनी हीच परीक्षा कारखान्यातून माल बाहेर पडायच्या आधी स्वतः घ्यावी, ही माझी मागणी आहे.