कॅमेरा घ्यावा, पूर्वमालकासकट

सेकंडहँड डिजिटल कॅमेरे दोन प्रकारचे असतात. एक, जो विकून मालक मोकळा होतो. आणि दुसरा, पुण्यात विकला गेलेला. पहिल्याबरोबर बॅटरी, चार्जर आणि पट्टा मिळतो. दुसऱ्याबरोबर या तिन्ही वस्तू मिळतातच, वर पूर्वमालक मिळतो. त्याचा उल्लेख पावतीवर नसतो, त्याला परत करण्याची मुदत नसते आणि त्याची बॅटरी कधी उतरत नाही. प्रस्तुत मार्गदर्शन या दुसऱ्या प्रकाराविषयी आहे. ते नवशिक्यांसाठी लिहिले असले तरी पूर्वमालक ते वाचणार आणि त्यातल्या चुका कळवणार, याची लेखकाला पूर्ण कल्पना आहे.

नियम १. कोठून घ्यावा

जुन्या बाजारात बुधवारी आणि रविवारी कॅमेरे दिसतात. ते हाताळून पाहावेत, शटरचा आवाज न आल्यास हळहळावे आणि पुढच्या पथारीवरचे पितळी कुलूप घेऊन घरी यावे. तपकीर गल्लीत चार्जर, सेल, कार्ड, केबल आणि ‘ओरिजिनलसारखी’ बॅटरी मिळते; तिकडे पुढे जावे लागणारच आहे. खरा व्यवहार मात्र कोणाच्या तरी ओळखीतून, पेठेतल्या किंवा कोथरूडमधल्या एखाद्या घरी होतो. तिथे एक काका असतात. त्यांनी नवा कॅमेरा घेतलेला असतो, किंवा मुलाने अमेरिकेहून आणलेला असतो, आणि जुना ‘योग्य माणसाला’ द्यायचा असतो.

योग्यता ठरवण्यासाठी चहा ठेवतात आणि मुलाखत घेतात. “रॉमध्ये काढणार की जेपेगमध्ये?” या प्रश्नाला “सुरुवातीला जेपेग, मग तुम्ही सांगाल तसं” हे उत्तर द्यावे. “मोबाइल असताना हा कशाला?” हा सापळा असतो. त्याला “शिकायचंय” एवढेच म्हणावे. मग हापूसची पेटी उघडावी तसा मूळ खोका उघडला जातो. त्यात कॅमेऱ्याची पातळ प्लास्टिकची पिशवी, २०१० सालचे हमीपत्र, तीन भाषांतली माहितीपुस्तिका आणि सिलिका जेलची पुडी जशीच्या तशी असते. किंमत ऐकल्यावर गप्प राहावे. घासाघीस करणाऱ्याला कॅमेरा मिळत नाही. चहा मात्र पूर्ण पिऊ देतात.

नियम २. तपासणी

काकांसमोर कॅमेरा तपासणे हा त्यांच्या चारित्र्यावर घेतलेला संशय असतो. तरीही तपासावा. पुढील क्रम पाळावा आणि प्रत्येक पायरीला “फक्त शिकण्यासाठी हं, काका” असे म्हणावे.

लेन्स काढून तिच्यातून मोबाइलचा टॉर्च मारावा. आत कोळिष्टकासारखे धागे दिसले तर ती फंगस. दोन-चार धुळीचे कण दिसले तर ती धूळ, आणि तिच्याने काही बिघडत नाही. मग ॲपर्चर एफ/२२ वर नेऊन पांढऱ्या भिंतीचा फोटो काढावा. प्रत्येक फोटोत त्याच जागी काळसर ठिपका आला, तर तो सेन्सरवर आहे, भिंतीवर नाही. काका भिंत पुसायला उठतील, त्यांना बसवावे. लेन्सला टोपण लावून तीस सेकंदांचा फोटो घ्यावा. दोन-चार रंगीत ठिपके माफ, आकाशगंगा दिसल्यास निघावे. बॅटरी सपाट टेबलावर ठेवून पाहावी. ती डुलली तर फुगलेली आहे.

शेवटचा प्रश्न शटर किती वेळा पडले हा. निकॉनचे कॅमेरे हा आकडा फोटोच्या फाइलमध्येच लिहून ठेवतात. फाइल मात्र कार्डावरून थेट घ्यावी लागते, व्हॉट्सॲपवरून आलेली चालत नाही. बहुतेक कॅनन ही माहिती फोटोत लिहीत नाहीत. सुरुवातीच्या वर्गातल्या कॅमेऱ्याचे शटर साधारण एक लाखाच्या हिशेबाने बनवलेले असते. काकांचा आकडा चौदा-पंधरा हजारांच्या आसपास निघतो, कारण त्यांनी फोटो कमी काढले आणि लेन्स जास्त पुसली.

नियम ३. फोकसची मोटर

इथे विनोद थांबवून सांगतो, कारण यात पैसे बुडतात. निकॉनच्या डी४०, डी३१०० अशा लहान कॅमेऱ्यांच्या अंगात फोकसची मोटर नसते. जुनी ‘एएफ’ लेन्स त्यांना बसते, फोटोही येतो, पण फोकस हाताने करावा लागतो. लेन्सवर ‘एएफ-एस’ असेल तर मोटर लेन्समध्येच आहे. दुकानदार “बसते ना? मग झालं” म्हणेल. बसणे आणि चालणे यांतला फरक आपण लक्षात ठेवायचा. तसेच डी४०सारख्या जुन्या कॅमेऱ्यात ३२ जीबीपेक्षा मोठे कार्ड घालू नये. ते ओळखतच नाही.

नियम ४. सगळे धूसर दिसल्यास

व्ह्यूफाइंडरशेजारी एक छोटे चाक किंवा सरकती कळ असते. ती हलवावी. काकांचा नंबर आणि तुमचा नंबर वेगळा आहे.

नियम ५. मेगापिक्सेलची लाज

मित्र विचारतील, “कितीचा आहे?” सहा म्हणालात की हसतील. अशा वेळी काकांचे पुढील व्याख्यान पाठ करून ठेवावे. १९७५ साली कोडॅकच्या स्टीव्हन सॅसन नावाच्या अभियंत्याने पहिला डिजिटल कॅमेरा जुळवला. वजन साडेतीन किलोंच्या वर, चित्र काळे-पांढरे, त्यात एकूण ठिपके दहा हजार, म्हणजे ०.०१ मेगापिक्सेल; आणि एक फोटो कॅसेटवर उतरायला २३ सेकंद. त्या मानाने डी४०चे सहा मेगापिक्सेल म्हणजे ३००८ गुणिले २००० ठिपके. इंचाला तीनशे या हिशेबाने छापले तर दहा इंच बाय साडेसहा इंचांचा स्वच्छ फोटो होतो. डी३१००चे चौदा मेगापिक्सेल पंधरा बाय दहापर्यंत जातात. हसणाऱ्या मित्राला विचारावे, की त्याच्या मोबाइलमधल्या पन्नास मेगापिक्सेलपैकी शेवटचा फोटो त्याने कागदावर कधी पाहिला.

नियम ६. ‘एम’चा दंडक

“एमवर ठेव आणि विसरून जा. ऑटो म्हणजे फसवणूक.” हे काकांचे पहिले वाक्य असते. एम म्हणजे मॅन्युअल: ॲपर्चर आणि शटर दोन्ही आपण ठरवायचे. त्यांचा गुरू फिल्मवर शिकला, तो ज्याच्याकडून शिकला त्याच्याकडे मीटरच नव्हता, म्हणून हा दंडक आला. उन्हासाठीचे सूत्र ते सांगतात ते खरेच आहे: लख्ख ऊन असेल तर ॲपर्चर एफ/१६ आणि शटर आयएसओच्या आकड्याइतके, आयएसओ १०० तर शटर १/१००. एप्रिलच्या दुपारी शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाज्यासमोर हे सूत्र तंतोतंत लागू पडते. अडचण एवढीच, की एप्रिलच्या दुपारी तिथे उभे राहून फोटो काढावेसे वाटत नाहीत, आणि संध्याकाळी बोहरी आळीत शिरले की सूत्र बाहेरच राहते.

तेव्हा काकांसमोर ‘एम’ ठेवावा. कोपऱ्यावर वळल्यावर डायल ‘ए’वर आणावा, कॅननमध्ये त्याला ‘एव्ही’ म्हणतात. ॲपर्चर तुम्ही ठरवा, शटर कॅमेरा ठरवेल. त्याच्याकडे फक्त लक्ष ठेवा: अशा लहान कॅमेऱ्यावर ५० मिलिमीटरची लेन्स असेल तर शटर १/८०च्या खाली गेले की हात हलल्याचे दिसते, अठरा-पंचावन्नची लेन्स पंचावन्नवर नेली तरी हाच हिशेब. फोटो कोणत्या डायलवर काढला हे चित्रात उमटत नाही. फाइलमध्ये उमटते, पण काका फाइल मागत नाहीत. बहुधा.

नियम ७. विषयांची निवड

पुण्यात नवशिक्यासाठी विषय आधीच मंजूर झालेले आहेत: शनिवारवाड्याच्या दरवाज्याचे खिळे, तुळशीबागेतल्या बांगड्या, दिवाळीपूर्वी कुंभारवाड्यातल्या पणत्या, सिंहगडावर कांदाभजी तळणारी मावशी आणि पर्वतीवरून दिसणारे शहर, जे हल्ली धुरकट दिसते, तो दोष लेन्सचा नव्हे.

पालख्या शहरात येतात त्या दिवशीची शिस्त वेगळी. एका सुरकुतलेल्या आजोबांना पंधरा लेन्सांनी घेरलेले दिसले तर तिकडे जाऊ नये. सोळावा फोटो पंधराव्यासारखाच येतो आणि आजोबांना पाणी हवे असते. ते द्यावे, मग विचारून फोटो काढावा आणि काढल्यावर मागचा पडदा त्यांना दाखवावा. तांत्रिक बाब अशी, की कॅमेऱ्याला पांढरे धोतर-सदरे दिसले की तो सगळे राखाडी करतो; कारण जगातली प्रत्येक गोष्ट मध्यम उजेडाची असते अशी त्याची श्रद्धा आहे. म्हणून अधिक-उण्याचे बटण दाबून अधिककडे दोन-तृतीयांश ते एक स्टॉप न्यावे. काळ्या दगडाच्या देवळात उलट, उणेकडे.

नियम ८. पक्षी

पक्ष्यांचा नाद लागतोच. हिवाळ्यातल्या रविवारी लोणी काळभोरजवळ कवडी पाटाला जावे. तिथे मुळा-मुठेच्या काठावर लेन्सच्या लांबीप्रमाणे माणसे उभी असतात. सहाशे मिलिमीटरवाले पुढे, तीनशेवाले मागे, आणि अठरा-पंचावन्नवाल्याला “गाडी जरा बाजूला घेता का?” असे विचारले जाते. नदीत फेस असतो, काठावर प्लास्टिक असते, आणि या सगळ्यात चक्रवाक निवांत पोहत असतात. ते आपल्यासाठी इतक्या लांबून येतात आणि आपण त्यांना हे दाखवतो. फोटोतून पिशव्या कापून टाकण्याची पद्धत आहे. निदान एका फोटोत तरी त्या राहू द्याव्यात.

भिगवणचे रोहित अठरा-पंचावन्नवर गुलाबी ठिपके येतात. ठिपके आले म्हणून लगेच मोठी लेन्स घेऊ नये. एक हिवाळा शेकाट्यांवर काढावा. ते जवळ येऊ देतात.

नियम ९. विसर्जन

गुलाल आणि ढोल असतील तिथे लेन्स बदलू नये. मुळीच नाही. कॅमेऱ्यावर प्लास्टिकची पिशवी चढवावी, लेन्सपुढे भोक पाडून रबरबँड लावावा. शटर १/५०० ठेवले तर ढोलावरचे टिपरू हवेत थांबते. १/३० ठेवले तर हात पुसट होतात आणि नाद दिसतो. लक्ष्मी रस्त्यावर मानाच्या गणपतींच्या वेळी उजेड असतो, तेव्हाच हे दोन्ही करून घ्यावे. पट्टा गळ्यातच ठेवावा. फ्लॅश मारू नये. समोरच्या गुलालाचाच फोटो येतो.

नियम १०. पावसाळा

जून ते सप्टेंबर काकांचा फोन आठवड्याला येतो: “कुठे ठेवलायस?” कपाटात म्हणालात तर ते रिक्षा करून येतील. हवाबंद डबा आणि सिलिका जेल हे उत्तर द्यावे, आणि खरोखर तसेच करावे. कॅमेऱ्याबरोबर मिळालेली चामड्याची केस फार देखणी असते, पण चामडे ओल धरते. केस वेगळी ठेवावी आणि काकांना सांगू नये. फंगसला अंधार, ओल आणि आळस आवडतो. कॅमेरा दर आठवड्याला उजेडात काढून चार फोटो घेतले की पुष्कळ झाले. काकांचा फोन त्यासाठीच असतो, हे दुसऱ्या पावसाळ्यात लक्षात येते.

नियम ११. अभिप्राय

काकांना फोटो पाठवला की अर्ध्या तासात उत्तर येते: “क्षितिज तिरकं आहे.” तुम्हाला ते तिरके दिसत नाही. पट्टी लावून पाहिल्यावर दिसते. बहुतेक कॅमेऱ्यांत मागच्या पडद्यावर चौकटींची जाळी आणता येते, ती आणावी. त्यानंतर अभिप्राय येतो: “बरा आहे.” पुण्यात याहून मोठे पारितोषिक नाही. बालगंधर्वच्या कलादालनात प्रदर्शन लागले तरी लोक एवढेच म्हणतात.

नियम १२. पूर्वमालकाचा फोटो

काकांच्या चौदा हजार फोटोंत काका कुठेच नसतात. सहलीत, मुंजीत, नातीच्या बारशात ते कॅमेऱ्यामागे होते. काकूंकडे त्यांचा म्हणून एकच फोटो असतो, आणि तो आधारकार्डावरचा. तेव्हा एखाद्या सकाळी त्यांच्याकडे जावे, त्यांना खिडकीशेजारी बसवावे, ॲपर्चर एफ/४ ठेवावे, फोकस जवळच्या डोळ्यावर करावा. ते “एमवर आहे ना?” विचारतील. हो म्हणावे. “आयएसओ किती?” विचारताना त्यांचा चेहरा सैल पडतो, तेव्हा दाबावे.

हा फोटो मोबाइलवर पाठवू नये. दुकानात नेऊन आठ बाय दहा इंचांचा छापून घ्यावा आणि हातात द्यावा. मूळ फाइलच्या दोन प्रती दोन वेगळ्या ठिकाणी ठेवाव्यात. हार्ड डिस्क कधी ना कधी बंद पडते. काका फोटो बराच वेळ पाहतील, चष्मा काढून पुसतील आणि खिडकीची चौकट तिरकी आल्याचे सांगतील. ती खरोखरच तिरकी असेल. मुकाट्याने ऐकून घ्यावे, पुढच्या वेळी सरळ काढावा. शिकवणी वेगळी लावण्याची गरज नाही. तिचे पैसे कॅमेऱ्याच्या किमतीत दिलेले आहेत.