जात्यावर बसलो, पण

जात्यावर बसलं की ओवी सुचते, अशी एक म्हण आपल्याकडे आहे. म्हणींचं बरं असतं, त्यांच्याविरुद्ध ग्राहक मंचात जाता येत नाही.

बँकेतून निवृत्त झालो आणि कवी झालो. आमच्या भागात एक काव्यमंडळ आहे. तिथे दर महिन्याला प्रत्येकाने ताजी, स्वरचित कविता आणायची असा दंडक आहे. पहिले काही महिने पाऊस, आई आणि प्राजक्त यांच्यावर निभावलं. पुढे सगळं आटलं. माधव जूलियनांची 'छंदोरचना' आणली. ती वाचून एवढंच कळलं, की माझ्या आधीच्या कवितांना छंद नव्हता. नवी कविता कुठून आणायची, यावर त्यात उपाय नव्हता.

तेव्हा बहिणाबाई आठवल्या. असोद्याच्या बहिणाबाई चौधरींना अक्षरओळख नव्हती. शेतात, घरात, जात्यावर त्या गात राहिल्या आणि घरच्यांनी त्यातलं काही वहीत उतरवून ठेवलं. १९५१मध्ये त्या गेल्या. मग मुलगा सोपानदेवांनी ती गाणी आचार्य अत्र्यांना दाखवली आणि १९५२मध्ये 'बहिणाबाईंची गाणी' छापून निघाली. हे वाचून कुणीही शहाणा माणूस म्हणेल, काय ही प्रतिभा! मी म्हणालो, जातं.

पुण्याच्या जुन्या बाजारात ते मिळालं. "लग्नाला पाहिजे का बागेत ठेवायला?" विकणाऱ्याने विचारलं. हल्ली जात्याला या दोनच नोकऱ्या उरल्या आहेत: हळदीच्या दिवशी घटकाभर मिरवायचं, नाहीतर फार्महाऊसवर डोक्यावर कुंडी घेऊन बसायचं. "दळायला," असं म्हटल्यावर त्याने माझ्याकडे आदराने पाहिलं आणि भाव वाढवला. जात्याला आधी टाकी लावून घ्यावी लागते, हे काही तो बोलला नाही.

पहाटे बैठक मांडली. एक पाय दुमडलेला, एक लांब. उजवीकडे गहू, डावीकडे वही, समोर रेकॉर्डिंगला लावलेला मोबाइल. देवाचं नाव घेतलं, खुंटा धरला आणि ओढला. जातं हललं नाही, मी हललो. मग दोन्ही हातांनी ओढलं, तेव्हा ते निघालं; पण दोन्ही हात खुंट्याला असताना वहीत लिहायचं कशाने, हा प्रश्न बहिणाबाईंना पडला नसावा. मला पहिल्याच फेऱ्यात पडला.

जनाबाईला दळू लागायला साक्षात पांडुरंग यायचा म्हणतात. पंढरपूरजवळ गोपाळपूरला ते जातं आजही दाखवतात. माझ्या दारात खालच्या मजल्यावरचे गृहस्थ आले. बोअरची मोटर मी घरात बसवली आहे का, असं त्यांना विचारायचं होतं.

त्या पहाटे जे सुचलं ते असं: जाते, नाते, गाते, खाते. पैकी मनापासून आलेला शब्द 'खाते' हाच होता. रेकॉर्डिंगमध्ये घरघर, धाप, दोन-तीन भाषांतले उद्गार आणि सौभाग्यवतींचा "अहो, गिरणी बंद आहे का?" हा प्रश्न, एवढं सापडलं. पिठाला पीठ म्हणवत नव्हतं. बायकोने त्या भरडीची लापशी केली आणि 'घ्या, नवकविता' म्हणून पुढे ठेवली.

अशात मुळशीहून आत्या आली. आत्याचं वय नक्की कुणालाच माहीत नाही, तिला तर मुळीच नाही. डोळ्याचं ऑपरेशन करायला आली होती, पण एका डोळ्यानेसुद्धा तिला जातं आधी दिसलं. वरच्या दगडावरून हात फिरवत म्हणाली, "टाकी न्हाई लावली रं. गुळगुळीत झालंय. यानं काय दळतोस, वारा?" तरी बसली. मला समोर बसवलं. "वैरण घाल," म्हणाली. मी मूठभर गहू जात्याच्या तोंडात घातले. तिने एका हाताने खुंटा फिरवला, माझा हात नुसता त्यावरून फेऱ्या मारत होता. दोन-चार वेढे झाले असतील, आणि भलतीकडेच बघत तिने सुरू केलं:

भाचा बसला दळाया, गहू घातले मूठभर
पाठ धरली हातभर, सुने, बाम आण बोटभर

स्वयंपाकघरातून भांडं पडल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ बायकोचं हसणं. इतकी दाद तिने माझ्या कुठल्याच कवितेला दिलेली नाही.

"आत्या, हे आधीचं पाठ होतं?"

"पाठ कशाला? तू समोर बसलाय न्हवं?"

"आणि पूर्वी म्हणायचीस ते? कुणासाठी?"

"कुणासाठी म्हंजे? सासूबाई पलीकडं निजलेल्या. तोंडावर बोलायची काय बिशाद! जात्याला सांगायचं. त्यांना ऐकू जायचं."

"मग रागवायच्या नाहीत?"

"कशा रागावतील? त्यापण दळायच्या की, त्यांच्या सासूवर."

हेमा राईरकर आणि फ्रान्समधून येऊन इथलेच झालेले गी पॉइत्वाँ यांनी महाराष्ट्रातल्या हजाराहून अधिक गावांतून अशा एक लाखावर ओव्या गोळा केल्या. त्यांत माहेर आहे, विठोबा आहे, नवऱ्याचा मार आहे, बाबासाहेब आंबेडकर आहेत. एवढ्या बायकांपैकी एकीलाही महिन्याच्या सभेची तारीख गाठायची नव्हती. मला मात्र सभा, अध्यक्ष, टाळ्या आणि चहा सगळं तयार मिळालं होतं. फक्त सांगायचं काय, ते बाकी होतं.

आत्या दळत राहिली. तिच्या एका ओवीत माळावरून गाडी जुंपून बहिणीला न्यायला येणारा भाऊ होता. आत्याला एकच भाऊ, म्हणजे माझे वडील. त्यांचा माझ्यापाशी असलेला सगळ्यात ठळक ठेवा म्हणजे वीजबिलांची फाइल. ते कुणाच्या गाण्यात असतील असं मला कधी वाटलं नव्हतं. ती ओवी मी रेकॉर्ड केली नाही. मोबाइल बायकोच्या हातात होता आणि ती बामाची ओवी माहेरी पाठवण्यात गुंतली होती.

पुढच्या सभेत मी ती बामाचीच वाचली. मंडळाच्या इतिहासात प्रथमच एका कवितेला पुन्हा एकदाची फर्माईश आली. "ही आपलीच का?" अध्यक्षांनी विचारलं. मी शक्य तितका वेळ गप्प राहिलो. शेवटी म्हणालो, "विषय माझा आहे."

लगेच आत्याला सन्मानाने बोलवायचा ठराव झाला. आत्या म्हणाली, "जात्याबिगर आठवत न्हाई मला." म्हणून टाकी लावून घेतलेलं जातं टेम्पोतून सभागृहात आलं. प्रत्येक कवीने घरून पावशेर गहू आणायचे ठरलं आणि कविता न आणणारेही गहू घेऊन आले. शाल-श्रीफळ झालं. अध्यक्ष आत्यासमोर बसले, खुंट्याला हात लावला, फोटो काढून घेतला आणि लोकसाहित्याच्या परंपरेवर बोलू लागले. आत्याने थोडा वेळ वाट पाहिली.

"आधी वैरण घाला," ती म्हणाली.

अध्यक्षांनी गहू घातले. दुसऱ्या वेढ्याला त्यांचा श्वास लागला आणि तिसऱ्याला आत्याने त्यांच्यावर ओवी म्हटली. ती इथे देत नाही. मला अजून मंडळात राहायचं आहे.