पंचेचाळीस हजारांचं कोटेशन

अहो, ऐकलंत का? कालच्या कमिटी मीटिंगमध्ये काय रामायण झालं ते? तुम्ही नव्हतात ना. पाहुणे होते तुमच्याकडे, ठाऊक आहे मला, परगावची गाडी उभी होती खाली... तर सोसायटीच्या ऑफिसातला कॉम्प्युटर. तोच हो, मेंटेनन्सची बिलं निघतात तो. सेक्रेटरींनी चहा यायच्या आतच जाहीर करून टाकलं, ‘हा आता बाद. नवीन घ्यायचा.’ आणि खिशातून घडी घातलेलं कोटेशन बाहेर! पंचेचाळीस हजार! मी म्हटलं, गच्चीच्या गळतीला सहा महिने पैसे नाहीत, आणि ह्याला बरे आहेत.

कारण काय, तर विंडोज टेनचा सपोर्ट संपला. १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, ते काय लपून राहिलंय? पण ए-विंगच्या काकू घाबरल्याच. ‘म्हणजे एक दिवस स्क्रीन काळाच पडणार का हो?’ काळाबिळा काही पडत नाही. कॉम्प्युटर चालतो तसाच चालतो, फक्त सुरक्षेचे अपडेट यायचे बंद. उद्या त्यात एखादी चोरवाट सापडली तर बुजवायला कोणी येणार नाही, एवढंच. एवढंच म्हणजे थोडं नाही म्हणा... नेट बँकिंग करत असाल तर.

तिथे आपले बँकेतून रिटायर झालेले काका सावरून बसले. त्यांना हवाच असतो असा विषय. म्हणाले, ‘विंडोज एक्सपी एप्रिल २०१४ मध्ये बंद झालं, तरी कितीतरी एटीएम त्यावरच चालू होती. शेवटी २०१८ च्या जूनमध्ये रिझर्व्ह बँकेला बँकांना बजावावं लागलं, वर्षभरात सगळ्या मशीनमधलं जुनं विंडोज बदला म्हणून.’ आता बोला! म्हणजे आपण इतकी वर्षं ज्यातून निवांत पैसे काढत होतो, ते... काकूंचा चेहरा तर पाहण्यासारखा झाला होता. पर्स जवळ ओढून घेतली त्यांनी!

तर काय सांगत होते, काकांचं ऐकून सेक्रेटरींना चेव आला. बघा, बँकासुद्धा बदलतात! पण आपले खजिनदार काही कच्च्या गुरूचे चेले नाहीत. ते म्हणाले, ‘अहो, टेन हेच शेवटचं विंडोज असं सांगितलं होतं ना? मग हे अकरा आलं कुठून?’ आणि खरंच होतं हो ते. २०१५ साली मायक्रोसॉफ्टचाच जेरी निक्सन नावाचा माणूस भर परिषदेत तसं बोलून गेला होता, आणि कंपनीनेही तेव्हा काही खोडून काढलं नाही. सहा वर्षांत, ५ ऑक्टोबर २०२१ ला, अकरा हजर. मधलं नऊ नंबरचं तर आलंच नाही, आठवरून थेट दहा! आमचे हे म्हणतात, विंडोज एकाआड एकच चांगलं निघतं. एक्सपी चांगलं, व्हिस्टाने रडवलं, सेव्हन चांगलं, आठमध्ये तर त्यांनी स्टार्टचं बटणच काढून टाकलं होतं, आणि लोकांनी इतका ओरडा केला की पुढच्या वर्षी परत आणून बसवावं लागलं. मग टेन चांगलं. ह्या हिशोबाने अकराची पाळी कसली, ते तुम्हीच ओळखा.

पण सेक्रेटरींचा मुद्दा वेगळाच. म्हणे आपल्या मशीनवर अकरा चढतच नाही. दुकानदाराने तपासून सांगितलंय. त्याला टीपीएम २.० लागतं, म्हणजे किल्ल्या-पासवर्ड सांभाळणारी चिप असते आतमध्ये. शिवाय इंटेलचा आठव्या पिढीचा तरी प्रोसेसर लागतो. सातव्याला दार बंद. आणि गंमत सांगू? मायक्रोसॉफ्टचा स्वतःचा सरफेस स्टुडिओ २ हा महागडा कॉम्प्युटर सातव्या पिढीवरच होता! मग काय, तो नेमका प्रोसेसर तेवढा हळूच यादीत घातला. गावाला पंगतीत जागा नाही, आणि जावयासाठी पाट आधीच मांडलेला! हे सांगितलं भाच्याने. माझ्या हो, आयटी पार्कातल्या. त्याचं काय, तो म्हणतो मावशी, नियम चुकवूनही अकरा बसवता येतं. येतं हो, पण कंपनी सरळ सांगते, अशा मशीनला अपडेट मिळतीलच असं नाही. मग कशासाठी एवढा खटाटोप? ज्यासाठी करायचं तेच मिळणार नसेल तर? दुसरा एक शहाणा म्हणाला, लिनक्स टाका, फुकट आहे. खजिनदार एका वाक्यात म्हणाले, ‘आपली हिशोबाची टॅली तिथे सरळ चालत नाही.’ संपला विषय.

खरी मजा तर पुढेच आहे. सी-विंगमधली ती इंजिनिअरिंगची मुलगी, कानात सतत काहीतरी घालून फिरते ती, आईला बोलवायला म्हणून आली होती. ती म्हणाली, ‘काका, मी बघू का?’ सेक्रेटरी म्हणाले, ‘अगं, दुकानदाराने बघितलंय.’ तरी खजिनदारांनी ऑफिसची किल्ली दिलीच. निघालो आम्ही सगळे मागोमाग, चहाचे कप हातात घेऊन. तिने आधी टॅलीचा डेटा पेन ड्राइव्हवर घेतला. हे मला फार आवडलं. मग पीसी हेल्थ चेक म्हणून काहीतरी उघडलं. प्रोसेसर? बरोबर आठव्या पिढीचा, मागच्या कमिटीने घेतलेला. रॅम बरोबर. अडलं होतं ते फक्त टीपीएमपाशी. मशीन बंद करून चालू केलं, बायोसमध्ये शिरली, आणि म्हणते कशी, ‘काका, टीपीएम आहे की, नुसतं ऑफ आहे.’

ऑफ आहे! अहो, एक बटण! तिने ते चालू केलं, परत तपासलं, आणि सगळीकडे हिरव्या खुणा. टेनवरून अकरावर जायला पैसे पडत नाहीत, म्हणजे खर्च शून्य. सेक्रेटरींचा चेहरा असा पडला की विचारू नका. कोटेशनची घडी पुन्हा खिशात गेली, पण नीट जाईना... खजिनदार मात्र शांतपणे म्हणाले, ‘दुकानदाराला हे दिसलं नाही वाटतं.’ कोणी काही बोललं नाही. आता ते दुकान कोणाच्या साडूचं आहे, हे मी का सांगू? तुम्हाला ठाऊकच आहे.

मग वाद निघाला की चढतंय म्हणून चढवायचं का. मी म्हटलं, माझं मत विचाराल तर अकरात जीव ओवाळून टाकावं असं काही नाही. स्टार्ट बटण मधोमध आणून ठेवलंय, सेटिंगमध्ये जाऊन डावीकडे नेता येतं. राइट क्लिक केलं की अर्धी यादी दिसते, उरलेली पाहायला पुन्हा एक क्लिक. ह्यांना त्याचाच राग. खिडक्या शेजारी शेजारी लावायची सोय मात्र छान आहे, बिलं आणि पासबुक एकत्र दिसतं. मराठी फोनेटिक कीबोर्ड तर २०१९ पासून टेनमध्येही आहे, त्यासाठी जायला नको. पण मशीन पात्र आहे, फुकट मिळतंय आणि अपडेट चालू राहतात, तर जावं. रुचलं नाही तर पहिले दहा दिवस मागे फिरता येतं.

काकूंना वेगळीच धास्ती. ‘ते म्हणे आपल्या स्क्रीनचा दर थोड्या सेकंदांनी फोटो काढून ठेवतं?’ रिकॉल हो, २०२४ च्या मे महिन्यात जाहीर केलं होतं आणि केवढी बोंब झाली होती. पुढे ढकललं, मग आपण हो म्हटल्याशिवाय चालूच होणार नाही असं केलं. आणि ते नवीन कोपायलट प्लस मशीनवरच असतं, आपल्या डबड्यावर कुठलं? सोसायटीत नजर ठेवायला मी आहे की, म्हटलं.

आमच्या घरचा मात्र २०१६ चा. त्याला अकरा नाहीच. मग ह्यांना सांगितलं, मायक्रोसॉफ्ट टेनला देते ती वर्षभराची वाढीव मुदत घ्या. १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षेचे अपडेट येतात. तीस डॉलर भरा, नाहीतर रिवॉर्डचे १००० पॉइंट द्या, नाहीतर सेटिंगचा बॅकअप त्यांच्याकडे ठेवा, म्हणजे फुकट. युरोपातल्या ग्राहक संघटनेने तर भांडून ती बॅकअपची अटसुद्धा काढून घेतली म्हणे. आपल्याकडे कोण भांडतंय! कंपन्यांना मात्र चांगलंच लुटतात. मशीनमागे पहिल्या वर्षी ६१ डॉलर, मग दरवर्षी दुप्पट. खजिनदारांनी तिथल्या तिथे आकडेमोड केली, तीन वर्षांचे ४२७ डॉलर.

पण घरच्या मशीनसाठी ह्यातला कुठलाही मार्ग घ्या, मायक्रोसॉफ्टचं खातं लागतंच. हे म्हणाले, ‘मी कुठेही खातंबितं उघडणार नाही.’ वरच्या मजल्यावरच्या वहिनींनी ऐकलं, त्या उत्साहाने म्हणाल्या, ‘एका खात्यावर दहा मशीन चालतात ना? मग अख्ख्या मजल्याचं एकच काढू, भाऊजींच्या नावावर!’ ह्यांचं तोंड असं झालं... रात्री जेवण झाल्यावर गुपचूप बसून स्वतःपुरतं खातं उघडलं. पासवर्ड मला सांगितला नाही, पण डायरीत मागच्या पानावर लिहून ठेवलाय.

तुमच्या लॅपटॉपचं काय? दिवाळीत घेतलात तो कधीचा, १८ ची दिवाळी ना? मग कोटेशनबिटेशन मागवू नका आधी. त्या मुलीला बोलवा. संध्याकाळी साडेसातनंतर असते ती घरी, क्लासहून येते. आणि सेक्रेटरींनी विचारलं तर मी काही बोलले नाही हं.